मराठी साइट तपासताना लागणारी ब्राउझर एक्स्टेन्शन्स: निवडीपासून रोजच्या वापरापर्यंत

वेब डिझायनर आणि डेव्हलपरांसाठी उपयोगी एक्स्टेन्शन्सच्या याद्या जागोजाग मिळतात. यादीतलं सगळं बसवलं की ब्राउझरच्या पट्टीवर चिन्हांची गर्दी होते, पानं रेंगाळायला लागतात आणि कुठलं साधन कशासाठी घेतलं होतं तेच आठवत नाही. एक्स्टेन्शन म्हणजे तिऱ्हाइताने लिहिलेला प्रोग्राम. तो तुम्ही उघडलेल्या पानात शिरतो, तिथला मजकूर वाचतो, हवा तर बदलतो. म्हणून एक्स्टेन्शन्स मोजकीच घ्यावीत, कामाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवावीत आणि ज्या पानावर काम चाललंय तेवढ्यापुरतीच त्यांना मुभा द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

पुढची सगळी मांडणी एका ठरावीक कामाभोवती केली आहे: मराठी मजकुराची साइट तपासणं. उदाहरणासाठी कोकणातल्या एखाद्या होमस्टेची साइट डोळ्यांसमोर ठेवा. मुखपृष्ठ, खोल्यांचे दर, फोटो आणि बुकिंगचा फॉर्म. अशी साइट बहुतेक वेळा इंग्रजी टेम्प्लेटवर उभी केलेली असते आणि देवनागरी तिच्यात मागाहून येते. बहुतेक घोळ तिथेच होतात. क्रोम हा मुख्य ब्राउझर धरला आहे. एज, ब्रेव्ह, व्हिवाल्डी हे क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर चालतात, त्यामुळे पायऱ्या जवळपास सारख्याच. जोडीला फायरफॉक्स ठेवा.

पायरी १: ब्राउझरमध्ये आधीच काय आहे ते बघा

एकेकाळी पानाची रचना उकलून बघायची तर फायरबग हे फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन लागायचं. जो ह्युइट यांनी ते २००६ साली आणलं. पुढे प्रत्येक ब्राउझरने तशी सोय स्वतःतच केली आणि २०१७ मध्ये फायरबगचं काम थांबलं. हाच प्रवास आजही चालू आहे. कालपर्यंत ज्यासाठी एक्स्टेन्शन लागायचं, ते आज ब्राउझरमधल्याच तपासणीच्या साधनांत, म्हणजे डेव्हटूल्समध्ये, सापडतं.

डेव्हटूल्स उघडायला विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि आय, तर मॅकवर कमांड, ऑप्शन आणि आय या कळा एकत्र दाबा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट हवा असेल तर डेव्हटूल्स उघडी असताना कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘स्क्रीनशॉट’ टाइप करा आणि ‘फुल साइज’ निवडा. फायरफॉक्समध्ये पानावर उजवी क्लिक करूनच ही सोय मिळते. मोबाइलच्या आकारात पान बघायला डिव्हाइस मोड आहे. रंग उचलायला स्टाइल्समधल्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की ड्रॉपर मिळतो. साइटवर एकूण किती रंग आणि किती फॉन्ट वापरलेत याचा गोषवारा ‘सीएसएस ओव्हरव्ह्यू’ देतो. पान भरण्याचा वेग, मांडणीची हालचाल आणि क्लिकला मिळणारा प्रतिसाद ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये थेट दिसतात. एवढ्या कामांसाठी काहीही बसवू नका.

पायरी २: कामाचं वेगळं प्रोफाइल

क्रोममध्ये उजवीकडे वरच्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करा, नवीन प्रोफाइल जोडा, त्याला ‘तपासणी’ असं नाव आणि वेगळा रंग द्या. या प्रोफाइलमध्ये घरचा मेल, बँक, खरेदी यांपैकी काहीही उघडायचं नाही. एक्स्टेन्शन्स बसवायची ती इथेच.

आणखी एक प्रोफाइल पूर्ण रिकामं ठेवा. त्यात एकही एक्स्टेन्शन नको. वेग मोजायचा असेल किंवा ग्राहकाला पान कसं दिसतं हे खात्रीने बघायचं असेल तेव्हा ते उघडायचं. इनकॉग्निटो खिडकीतही एक्स्टेन्शन्स मुळात बंद असतात, पण कधीतरी कुणाला तरी परवानगी दिलेली असते आणि आपण ती विसरून जातो. रिकाम्या प्रोफाइलमध्ये ती शंका राहत नाही.

पायरी ३: बसवण्यापूर्वीची पारख

क्रिस पेडरिक यांचं ‘वेब डेव्हलपर’ हे एक्स्टेन्शन २००३ पासून आहे आणि आजही मी ते सुचवतो. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्यावर घाला पडला होता. फसव्या मेलमधून त्यांच्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला आणि चोरांनी त्याच नावाखाली जाहिराती घुसवणारी आवृत्ती सोडली. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण ब्राउझर एक्स्टेन्शन्स आपोआप अद्ययावत करत असल्याने खोटी आवृत्ती त्याआधी अनेकांच्या संगणकांवर पोचली होती.

‘स्टायलिश’चं प्रकरण वेगळं. साइटचं रूप बदलणारं हे लोकप्रिय एक्स्टेन्शन लोकांनी भेट दिलेल्या पानांची नोंद गोळा करतं, असं २०१८ मध्ये उघड झालं आणि क्रोम व फायरफॉक्सच्या दुकानांमधून ते काढण्यात आलं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ची मालकी २०२० मध्ये बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोडमुळे गूगलने ते बंद केलं. या दोन्ही एक्स्टेन्शन्सवर वापरणाऱ्यांचा कित्येक वर्षांचा विश्वास होता.

त्यामुळे दुकानातल्या ताऱ्यांपेक्षा पुढच्या गोष्टी बघा. प्रकाशक कोण आहे आणि त्याची स्वतःची साइट आहे का? शेवटची आवृत्ती कधीची? ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागत असेल तर कामाच्या मानाने ती रास्त आहे का? फॉन्टचं नाव सांगणाऱ्याला तुमचा ब्राउझिंगचा इतिहास कशाला हवा? अद्ययावत झाल्यावर एखादं एक्स्टेन्शन जास्तीची परवानगी मागू लागलं तर क्रोम ते थांबवून तुम्हाला विचारतो. तेव्हा सवयीने होकार देऊ नका. मालकी बदलली आहे का ते आधी शोधा. फायरफॉक्समध्ये ‘रेकमेंडेड’ची खूण असलेली एक्स्टेन्शन्स मोझिलाची माणसं तपासतात, ही खूण वजनदार मानायला हरकत नाही.

क्रोमने २०२४-२५ मध्ये मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली, हेही ध्यानात ठेवा. नव्या व्ही३ पद्धतीत बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायला मनाई आहे. जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन व्ही२ पद्धतीचं असल्याने आता क्रोमवर चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ एक्स्टेन्शन चालू आहे. जुना लेख वाचून एखादं साधन शोधलंत आणि ते मिळालं नाही, तर कारण बहुधा हेच असेल.

पायरी ४: परवानगी क्लिकपुरती

बसवल्यावर लगेच एक काम करा. पट्टीवरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून साइटवरच्या डेटाचा पर्याय उघडा आणि ‘एक्स्टेन्शनवर क्लिक केल्यावरच’ हा प्रकार निवडा. आता तुम्ही चिन्ह दाबेपर्यंत ते पानाला हात लावणार नाही. रिॲक्ट किंवा व्ह्यू या साइट बांधायच्या फ्रेमवर्कच्या डेव्हटूल्ससारखी साधनं पान उघडताक्षणी हजर असावी लागतात. त्यांना ‘ठरावीक साइटवर’ हा पर्याय देऊन लोकलहोस्ट (तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालणारी साइट) आणि तुमची चाचणी साइट एवढ्याच नोंदवा.

पायरी ५: ‘वेब डेव्हलपर’ने पहिली फेरी

कुठलीही साइट हातात आली की मी याने सुरुवात करतो. चिन्हावर क्लिक केल्यावर डिसेबल, सीएसएस, फॉर्म्स, इमेजेस, इन्फर्मेशन, आउटलाइन असे टॅब दिसतात.

आधी सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या टॅबमधून, सगळ्या स्टाइल्स बंद करा. पान उघडंबोडकं दिसेल, पण मजकुराचा क्रम शहाणा आहे का ते याच अवस्थेत कळतं. होमस्टेच्या साइटवर खोल्यांच्या दरांआधी तीन वेळा मेनू येत असेल, तर स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यालाही तो तीनदा ऐकावा लागणार.

मग इन्फर्मेशनमधून डॉक्युमेंट आउटलाइन बघा. मथळ्यांची उतरंड दिसते. अक्षर मोठं हवं म्हणून कुणी एच२ऐवजी एच५ किंवा नुसता ठळक परिच्छेद वापरला असेल तर तिथे पकडता येतं. इमेजेसमधून फोटोंचे ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन, पानावर उमटवा. टेम्प्लेटमधले इंग्रजी ऑल्ट मराठी साइटवर तसेच राहून जातात, आणि ‘हिरो इमेज’ असं ऐकून समुद्राकडे उघडणारी खोली कुणाला कळणार नाही.

जावास्क्रिप्ट बंद करूनही एकदा पान उघडा. रेंज कमजोर असलेल्या गावात स्क्रिप्ट अर्धवट पोचते. तेव्हाही पत्ता, फोन आणि दर दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर मी ती चूक गंभीर मानतो.

फॉर्मसाठी याच एक्स्टेन्शनमध्ये रकाने आपोआप भरण्याची सोय आहे, पण मराठी साइटवर हाताने भरून बघण्याला पर्याय नाही. नावाच्या रकान्यात ‘सुनीता’ लिहा. पडताळणी फक्त ए ते झेड अक्षरं मान्य करत असेल तर नाव नाकारलं जाईल. काही डेव्हलपर युनिकोडची ‘लेटर’ ही वर्गवारी वापरतात आणि काम झालं असं समजतात. ते पुरत नाही, कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार हे युनिकोडमध्ये ‘मार्क’ या वर्गात येतात. दोन्ही वर्ग मान्य केले तरच ‘सुनीता’ आत जाते. मोबाइल क्रमांकाचंही तसंच. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात, बॅकस्लॅश डी हा संकेत फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाइप करणारा माणूस अडकतो आणि त्याला कारणही कळत नाही. पडताळणीआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांमध्ये बदलून घेणं हे काही ओळींचं काम आहे.

पायरी ६: देवनागरीचा फॉन्ट खरा कोणता?

मराठी साइटचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

‘व्हॉटफॉन्ट’सारखं एक्स्टेन्शन सुरू करून शब्दावर माउस नेला की फॉन्टचं नाव येतं. इंग्रजी मजकुरासाठी ते झटपट आणि उपयोगी आहे. देवनागरीसाठी त्यावर विसंबू नका. रोबोटो, ओपन सॅन्स, लाटो, माँटसेराट या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. सीएसएसमध्ये रोबोटो लिहिलेलं असेल तर ब्राउझर इंग्रजी शब्द रोबोटोत दाखवतो आणि मराठी शब्दांसाठी यंत्रावर जो सापडेल तो फॉन्ट उचलतो. विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी. एक्स्टेन्शन मात्र दोन्हीकडे रोबोटोच सांगू शकतं. डिझायनरच्या मॅकवर सुबक दिसलेलं पान ग्राहकाच्या विंडोजवर वेगळंच दिसतं ते यामुळे.

खरा फॉन्ट शोधायचा असा: मराठी मजकुरावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा, उजवीकडच्या ‘कंप्यूटेड’ टॅबमध्ये तळाशी जा. ‘रेंडर्ड फॉन्ट्स’खाली प्रत्यक्ष वापरलेला फॉन्ट, त्याची किती अक्षरं लागली आणि तो यंत्रावरचा आहे की नेटवर्कवरून आला, हे सगळं लिहिलेलं असतं. फायरफॉक्समध्ये यासाठी ‘फॉन्ट्स’ हा स्वतंत्र टॅब आहे आणि तो मला अधिक सोयीचा वाटतो. तिथे ‘लोकल’ दिसलं तर देवनागरी असलेला फॉन्ट स्वतःहून जोडा. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, पॉपिन्स, नोटो सॅन्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी असे चांगले पर्याय आहेत. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचं काम आहे.

त्यानंतर पानाच्या एचटीएमएल टॅगवरचा ‘लँग’ हा गुणधर्म बघा. मराठीसाठी त्याची किंमत ‘एमआर’ हवी. टेम्प्लेटमध्ये ती इंग्रजीची असते आणि तशीच राहते. स्वयंचलित तपासणी ही चूक सहसा दाखवत नाही, कारण इंग्रजीचा संकेतही वैधच असतो. परिणाम मात्र दोन होतात. स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी चुकीचा आवाज निवडू शकतो. आणि नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, ते भाषा मराठी सांगितल्यावरच दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात.

आता मांडणी. ॲडम अर्गाइल यांनी गूगलमध्ये असताना केलेलं ‘व्हिजबग’ इथे कामाला येतं. ते सुरू केलं की घटकावर माउस नेऊन अंतरं मोजता येतात, मजकूर जागच्या जागी बदलता येतो, मार्जिन-पॅडिंग हलवून बघता येतं. मथळ्यात स्वतःचा मजकूर टाका आणि शब्द मुद्दाम अवघड निवडा: स्फूर्ती, दुसऱ्या, ऱ्हस्व, शृंगारपूर, उच्छ्वास, ऑर्केस्ट्रा, कुटुंबीयांसाठी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्याची लाइन-हाइट बऱ्याचदा १ किंवा १.१ असते. तेवढ्यात रफार आणि वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडतात, आणि डब्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ असेल तर छाटल्याच जातात. मथळ्यासाठी १.३ ते १.४ आणि परिच्छेदासाठी १.६ ते १.८ ही माझी पसंती आहे, फॉन्टनुसार थोडं पुढेमागे करा.

मेनूत किंवा बटणांवर शिरोरेघ तुटक दिसत असेल तर कारण जवळजवळ नेहमी ‘लेटर-स्पेसिंग’ असतं. इंग्रजी मोठ्या लिपीला खुलून दिसावं म्हणून दिलेलं अंतर देवनागरीची रेघ तोडतं. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा.

पायरी ७: डिझाइनशी ताळा

फिग्मा या डिझाइनच्या साधनातलं चित्र आणि तयार पान जुळतं का हे ‘परफेक्टपिक्सेल’ने बघता येतं. फिग्मातून एकपट आकारात पीएनजी काढा, ब्राउझरची रुंदी तेवढीच ठेवा, झूम १०० टक्के ठेवा, चित्र पानावर चढवा आणि पारदर्शकता निम्मी करा. कडा, रकाने, फोटोंचे आकार यांसाठी हे उत्तम आहे. मराठी परिच्छेदांच्या ओळी मात्र तंतोतंत जुळवायच्या मागे लागू नका. फिग्मा आणि ब्राउझर ओळी वेगवेगळ्या ठिकाणी तोडू शकतात.

पायरी ८: रंग आणि सुगम्यता

डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मानकाच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या मजकुराचा ३ ला १. आपल्याकडे केशरी रंग आवडीने वापरतात, म्हणून एक हिशेब देतो. एफएफ९९३३ या रंगसंकेताच्या केशरीवर पांढरी अक्षरं ठेवली तर गुणोत्तर साधारण २.१ येतं. म्हणजे मोठा मथळासुद्धा नापास. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली तर ते जवळपास ९.९ होतं. केशरी सोडायची गरज नाही, अक्षरांचा रंग बदला.

एकूण तपासणीसाठी डीक्यू (Deque) कंपनीचं ‘ॲक्स डेव्हटूल्स’ आणि वेबएआयएमचं ‘वेव्ह’ ही दोन नावं प्रमुख आहेत. क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या साधनाची सुगम्यता चाचणी ॲक्सच्याच इंजिनावर चालते, त्यामुळे लाइटहाउस आणि ॲक्स यांचे निकाल बरेचसे तेच असतात. दुसरं मत हवं असेल तर ‘वेव्ह’ घ्या. ते चुका पानावरच खुणा करून दाखवतं, त्यामुळे ग्राहकाला समजावतानाही बरं पडतं. शिवाय त्याची तपासणी ब्राउझरमध्येच होते, म्हणून लॉगिनमागची पानंही तपासता येतात.

यानंतर माउस बाजूला ठेवा आणि टॅब कळ दाबत बुकिंग पूर्ण करून बघा. तारखेच्या खिडकीत अडकलात, किंवा आपण कुठल्या बटणावर आहोत ते दिसेनासं झालं, तर ते शोधायला कुठलंही एक्स्टेन्शन पुरेसं नाही.

पायरी ९: फ्रेमवर्कची साधनं

साइट रिॲक्टवर असेल तर ‘रिॲक्ट डेव्हलपर टूल्स’, व्ह्यूवर असेल तर ‘व्ह्यू डेव्हटूल्स’. रिॲक्टच्या साधनात कंपोनंट्स टॅबमध्ये प्रॉप्स आणि स्टेट (पानाच्या प्रत्येक भागाला मिळालेली आणि त्याने सांभाळलेली माहिती) दिसतात, प्रोफायलरमध्ये कुठला भाग विनाकारण पुन्हा रंगतोय ते कळतं. त्याच्या चिन्हाचा रंगही बोलका आहे. विकासाच्या बिल्डवर, म्हणजे साइट बनवताना वापरायच्या आवृत्तीवर, ते लाल होतं. ग्राहकाच्या प्रसिद्ध साइटवर लाल दिसलं तर चुकीची बिल्ड चढवली गेली आहे, लगेच बदला. जुनी साइट ताब्यात घेताना ती कशावर बांधली आहे याचा अंदाज ‘वॅपलायझर’ देतो. तो खुणांवरून तर्क करतो, त्यामुळे खात्री सोर्समध्येच करा.

पायरी १०: वेग मोजताना सगळं बंद

लाइटहाउस तपासणीच्या प्रोफाइलमध्ये चालवलं तर एक्स्टेन्शन्समुळे निकालावर परिणाम झाल्याचा इशारा ते स्वतःच देतं. रिकाम्या प्रोफाइलमध्ये जा आणि तिथे मोजा. मुख्य घटक दिसायला २.५ सेकंदांच्या आत, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत आणि मांडणीची हालचाल ०.१ च्या आत, या गूगलच्या चांगल्या पातळीच्या मर्यादा आहेत. तिसऱ्या आकड्याचं देवनागरीशी नातं आहे. वेबफॉन्ट उशिरा पोचला की यंत्रावरच्या फॉन्टच्या जागी तो येतो, दोघांची रुंदी-उंची वेगळी असते आणि अख्खं पान खाली सरकतं.

ग्राहक म्हणतो, ‘माझ्याकडे दिसत नाही’

तुमच्या सगळ्या प्रोफाइल्समध्ये पान ठीक आहे, तरी ग्राहकाकडे ऑफरची पट्टी दिसत नाही. असं झालं तर त्याच्या ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शन्सबद्दल विचारा. जाहिराती रोखणारी साधनं ‘ॲड’ किंवा ‘बॅनर’ अशी क्लासची नावं बघून घटक लपवतात. होमस्टेची पावसाळी सवलत अशाच नावाच्या डब्यात ठेवली असेल तर ती गायब होते. रात्रीचा रंग लावणारी एक्स्टेन्शन्स केशरी-पांढऱ्याचं भलतंच काहीतरी करतात. लेखन सुधारणारी एक्स्टेन्शन्स पानाच्या टॅगमध्ये स्वतःचे गुणधर्म टाकतात आणि सर्व्हरवर तयार होणाऱ्या रिॲक्ट साइटवर हायड्रेशनचे, म्हणजे सर्व्हरवरचं आणि ब्राउझरमधलं पान जुळत नसल्याचे, इशारे येतात.

ग्राहकाला आधी इनकॉग्निटो खिडकीत पान उघडायला सांगा. तिथे ठीक दिसलं तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा, नाहीतर जुन्या कॅशचा. कॅश साफ करूनही फरक पडला नाही तर निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून पान पुन्हा उघडायला लावा. अडचण गेली तर दोषी बंद केलेल्यांत आहे, राहिली तर चालू असलेल्यांत. पुन्हा त्यातली निम्मी. सोळा एक्स्टेन्शन्स असली तरी चार फेऱ्यांत नाव सापडतं. ते जाहिरात रोखणारं निघालं तर ग्राहकाला ते काढायला सांगू नका. त्याच्या पाहुण्यांकडेही तेच असणार आहे. तुमच्या क्लासचं नाव बदला.